बायोस मागे नेताना

गणपती गेले की दिवाळी अंकांची कामं अंगावर येतात आणि डीटीपीवाल्यांची झोप उडते. दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच आठवड्यात सातारच्या एका ताईंचा फोन आला. "दादा, रात्री बंद करताना अपडेट अँड शटडाउन दाबलं होतं. सकाळपासून मशीन नुसतं रडतंय. मोठी फाइल उघडली की चक्री फिरत बसते." कुणीतरी येऊन "रॅम गेली, नवीन टाका" असं सांगून गेलं होतं आणि ताई पैसे काढायच्या तयारीत होत्या.

जाऊन पाहिलं तर ३२ जीबीपैकी विंडोजला १६ जीबीच दिसत होती. दोन्ही रॅम काढल्या, खोडरबराने त्यांचे सोनेरी दात पुसले आणि स्लॉट बदलून पाहिले. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्हींपैकी कुठलीही रॅम चालत होती, दुसऱ्यात एकही नाही. म्हणजे रॅम ठणठणीत होत्या. मग स्लॉट गेला म्हणावं, तर आदल्या संध्याकाळपर्यंत तो चालत होता आणि कॅबिनेट कुणी उघडलंही नव्हतं. रात्रीत बदललेली गोष्ट एकच. ताईंनी सांगितलं, "काळ्या पडद्यावर कंपनीचा लोगो आला होता आणि खाली पट्टी सरकत होती. असं आधी कधी दिसलं नव्हतं." ती पट्टी बायोसच्या अपडेटची होती.

हे मशीन आम्ही जुन्या बायोसवर नेलं आणि दुसरा स्लॉट पुन्हा जिवंत झाला. त्यातली प्रत्यक्ष कृती सात-आठ मिनिटांची होती, त्याआधीच्या तयारीला मात्र अर्धा दिवस गेला. हा लेख मुख्यतः त्या अर्ध्या दिवसाबद्दल आहे, कारण बायोस मागे नेताना मशीन मरतं ते बहुतेक वेळा तयारी न केल्यामुळे.

मदरबोर्डवर आठ पायांची, करंगळीच्या नखाएवढी एक चिप असते. हल्लीच्या बोर्डांवर ती साधारण १६ किंवा ३२ एमबीची असते. बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी या चिपमधला प्रोग्रॅम वाचतो. रॅम कुठे आहे, कीबोर्ड आहे का, डिस्क कुठली, हे तो ठरवतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. हा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. तो डिस्कवर नसतो. त्यामुळे विंडोजला फॉरमॅट मारलं, सिस्टिम रिस्टोअर केलं किंवा नवी एसएसडी टाकली, तरी बायोस जिथल्या तिथे राहतो. बायोस बिघडलेला असताना फॉरमॅट मारून दोन दिवस वाया घालवलेली आणि वर डेटा गमावलेली माणसं मला दर वर्षी भेटतात. असं कुणाचं होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली.

दोष खरंच बायोसचा आहे का?

अपडेटनंतर मशीन बिघडलं म्हणजे नवा बायोस वाईटच, असं नसतं. माझ्याकडे येणाऱ्या अशा मशीनपैकी बऱ्याच मशीनना मागे न्यायची गरजच पडत नाही. अपडेट होताना बायोसमधल्या सेटिंग्ज मूळ जागी जातात आणि सगळा घोळ तिथे होतो.

विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो आणि त्यावर "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" लिहिलेलं असतं, अशा वेळी डिस्कची पद्धत बदललेली असण्याची शक्यता दाट. आधी रेड किंवा व्हीएमडी चालू होतं आणि आता एएचसीआय झालं, किंवा याच्या उलट झालं, तर विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही. सेटिंग जुन्यासारखी केली की मशीन सुरू. विंडोज ७ च्या काळात बसवलेली डिस्क असेल आणि "बूट डिव्हाइस सापडत नाही" असा निरोप येत असेल, तर सीएसएम नावाचा पर्याय बंद झाला आहे का ते पाहा. मशीन हळू झालं म्हणता, तर रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल बंद पडलेलं असेल. पंखे ओरडत असतील तर पंख्याची सेटिंग गेली असेल. यातल्या एकाही तक्रारीसाठी बायोस मागे न्यावा लागत नाही.

डिस्प्लेच येत नसेल तर सर्वांत आधी थांबा. डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, बायोस बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पंखे फिरतात, बोर्डावर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटलेला राहतो आणि पडदा काळाच असतो. दोन डीडीआर५ रॅम असतील तर काही मिनिटं जातात, चार असतील तर आणखी. या काळात घाबरून मागचा स्विच बंद केला की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीनदा असं केलं की माणूस मशीन मेलं असं समजून मोकळा होतो. मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाट पाहतो. चहा घ्या, पण बटणाला हात लावू नका.

पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही, तर सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज साठवलेली जागा, क्लिअर करायचा. मशीन बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मग बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. बोर्डावर त्यासाठी दोन पिनाही असतात. त्यांच्याजवळ सीएलआरटीसी, सीएलआर सीमॉस किंवा जेबॅट१ असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. सगळी वीज काढलेली असतानाच त्या स्क्रू-ड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या. सेल जुना असेल तर याच वेळी नवा टाका, तो कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

ताईंच्या मशीनवर मी हे सगळं केलं. सेटिंग्ज मूळ जागी नेल्या, सेल काढून बसवला, एका वेळी एकच रॅम लावून प्रत्येक स्लॉट तपासला. फरक पडला नाही. तेव्हाच जुन्या बायोसचा विचार सुरू केला.

जुनं म्हणजे सुरक्षित, असं नाही

इथे मला सगळ्यात जास्त आग्रह धरायचा आहे. बायोसची नवी आवृत्ती उगाच येत नाही. मागे जाताना तिने बुजवलेलं भोक आपण पुन्हा उघडत असतो. ते भोक कुठलं, हे माहीत असल्याशिवाय मागे जाऊ नका.

उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं. हे प्रोसेसर स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे आतून झिजत होते. २०२४ मध्ये इंटेलने हे मान्य केलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि त्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड दिला. तो घरोघरी पोहोचला तो बायोसच्या अपडेटमधूनच. त्यानंतर ०एक्स१२बी आला. झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही, फक्त पुढची थांबते. असा प्रोसेसर असताना ऑगस्ट २०२४ च्या आधीचा बायोस टाकणं म्हणजे प्रोसेसर हळूहळू जाळत बसणं. एएमडीच्या बाबतीत २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० मालिकेतले एक्स३डी प्रोसेसर काही बोर्डांवर अक्षरशः करपले. नंतरच्या बायोसने एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधीची फाइल कुठे मिळाली तरी ती टाकू नये.

दुसरी अडचण प्रोसेसरची. बोर्ड जुना आणि त्यावर नंतर नवा प्रोसेसर बसवलेला असेल, तर फार मागच्या बायोसला तो प्रोसेसर ओळखताच येत नाही. बी४५० बोर्डावर रायझन ५००० बसवलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. मागे गेलात तर डिस्प्लेच येणार नाही आणि परत पुढे यायलाही डिस्प्ले नसेल.

म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या बोर्डाच्या पानावर जा आणि प्रत्येक आवृत्तीखाली लिहिलेल्या दोन-चार ओळी नीट वाचा. सुरक्षेचा मुद्दा, मायक्रोकोड, व्होल्टेज हे शब्द शोधा. "ही आवृत्ती टाकल्यावर मागे जाता येणार नाही" अशी ओळही तिथेच असते. आणि आधी वर पाहा, मग खाली. कधी कधी आपला त्रास दूर करणारी त्याहून नवी आवृत्ती आलेली असते आणि मागे जाण्याऐवजी एक पायरी पुढे गेलं की काम होतं. ताईंच्या वेळी ती आली नव्हती. मागे जायचं ठरलं तर एकच पायरी मागे जा, म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत जी आवृत्ती चालत होती तिच्यापर्यंत. तीन वर्षांपूर्वीची "फार छान होती" म्हणून ती शोधत बसू नका.

बिटलॉकरचं कुलूप

आता त्या अर्ध्या दिवसाकडे येतो.

विंडोज ११ असलेल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते. कुणी मुद्दाम ते चालू केलेलं नसतं, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ते होऊन जातं. कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या भागात असते आणि बायोस ओळखीचा दिसला तरच टीपीएम किल्ली देतो. बायोस बदलला की तो किल्ली देत नाही. मग निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आतल्या फाइलींना तुम्हीही मुकलात आणि मीही काही करू शकत नाही. मला हात जोडून सांगावंसं वाटतं की ही की हाताशी असल्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकू नका.

विंडोजकडूनच बायोसचं अपडेट येतं तेव्हा विंडोज सहसा स्वतःहून कुलूप थोडा वेळ ढिलं करतं, म्हणून ताईंना रात्री काही विचारलं गेलं नाही. आपण हाताने मागे नेतो तेव्हा ते काम आपल्याला करावं लागतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावर "सस्पेंड प्रोटेक्शन" आहे, ते दाबा. होम आवृत्तीत सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी"खाली "डिव्हाइस एन्क्रिप्शन" दिसेल. ते बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, त्याला तासभरही लागू शकतो. दोन्ही प्रकारांत ४८ आकडे कागदावर उतरवून ठेवाच.

ते आकडे मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेले असतात. ताईंच्या मशीनवरचं खातं कुणाचं, हे पाहायला गेलो तर तिथे अनोळखी ईमेल होता. मशीन बसवून देणाऱ्या मुलाने घाईत स्वतःचाच टाकला होता. तो मुलगा आता पुण्यात नोकरीला होता. त्याचा नंबर मिळवायला दोन तास गेले. तो चांगला होता, त्याने लगेच खातं उघडून आकडे वाचून दाखवले. ताई सहा-सहाच्या गटात ते लिहून घेत होत्या, आठ गट, आणि मी पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं त्याच्याकडच्या नोंदीशी जुळवत होतो, कारण त्याच्या खात्यात अशा सात-आठ मशीनच्या किल्ल्या होत्या. तुमचं मशीन दुसऱ्या कुणी बसवून दिलं असेल, तर आजच जाऊन खातं कुणाचं ते पाहा. बायोसचा विषय नसला तरी पाहा.

एएमडीच्या मशीनवर आणखी एक काळा पडदा येऊ शकतो. एफटीपीएमची, म्हणजे एएमडीच्या टीपीएमची, रचना बदलली आहे, ती रीसेट करायची का, असं तो विचारतो आणि वाय किंवा एन दाबायला सांगतो. घाईत वाय दाबलं तर टीपीएममधल्या किल्ल्या पुसल्या जातात. रिकव्हरी की जवळ नसेल तर एन दाबा.

लाइट, पेनड्राइव्ह, फाइल

बायोसच्या फ्लॅश चिपवर थेट लिहिता येत नाही. आधी जुनं पुसावं लागतं, मग त्या जागी नवं लिहिलं जातं. पुसणं आणि लिहिणं यांच्या मध्ये लाइट गेली तर चिपमध्ये अर्धं जुनं, अर्धं नवं किंवा काहीच नाही, असं होतं आणि मशीन सुरूच होत नाही. म्हणून यूपीएस हवा. आणि यूपीएस आहे म्हणून भागत नाही, कारण घराघरातल्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच मेलेल्या असतात आणि लाइट जाईपर्यंत कुणाला ते कळत नाही. तपासायची सोपी रीत सांगतो. मशीन सुरू करून बायोसच्या पडद्यावर थांबा, विंडोजपर्यंत जाऊ नका. मग यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. पंधरा मिनिटं मशीन तग धरत असेल तर यूपीएस भरवशाचा. तो पूर्ण चार्ज होऊ द्या आणि मगच कामाला लागा. महावितरणचा वीज बंद ठेवण्याचा एसएमएस आला आहे का तेही पाहा. तुमच्या भागात ज्या वारी देखभालीसाठी लाइट जाते, तो वार सोडा. वळवाचा पाऊस दाटून आला असेल तर काम उद्यावर ढकला.

फाइल नेमक्या त्याच बोर्डाची हवी. विंडोज चालू असेल तर रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा, तिथे बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती दोन्ही दिसतात. ब्रँडेड मशीनवर मागच्या बाजूच्या स्टिकरवरचा सर्व्हिस नंबर घ्या. असेम्बल केलेल्या मशीनमध्ये बोर्डावर छापलेलं नाव टॉर्च मारून वाचा. नावात वायफायचा किंवा डीडीआर४ चा एक शब्द कमी-जास्त असला तरी बोर्ड वेगळा. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात रेव्हिजन छापलेली असते, १.० आणि १.१ यांच्या फाइली वेगळ्या असू शकतात. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून, दुसऱ्या चांगल्या मशीनवर उतरवा. व्हॉट्सअॅपवर मित्राने पाठवलेली फाइल नको.

पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. झिप उघडून आतली मूळ फाइल पेनड्राइव्हवर टाका, फोल्डरमध्ये नको. शेवटची तयारी म्हणजे मोबाइलने बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. बायोसमध्ये साठवलेली प्रोफाइल दुसऱ्या आवृत्तीत चालेलच असं नाही, फोटो मात्र कायम उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष मागे नेणं

मशीन सुरू होत असेल तर बायोसच्या आतून जाणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. विंडोजमधून फ्लॅश मारायची साधनं कंपन्या देतात, पण त्या वेळी पाठीमागे अँटिव्हायरस आणि आणखी वीस गोष्टी चालू असतात, म्हणून ती मी वापरत नाही. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा आणि आत गेल्यावर फ्लॅशचं साधन शोधा. असूसमध्ये ते ईझेड फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश आणि अॅसरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश या नावाने आहे. पेनड्राइव्हवरची फाइल निवडा. पडद्यावर सध्याची आवृत्ती आणि फाइलमधली आवृत्ती शेजारीशेजारी दिसतात. त्या दोन्ही मोठ्याने वाचा, कागदाशी जुळवा आणि मगच होय म्हणा. पुसणं, लिहिणं आणि पडताळणी अशा तीन पट्ट्या सरकतील. मध्येच मशीन आपोआप बंद-चालू होईल, कधी दोन-तीनदा. त्या वेळी कीबोर्डवर हात नको.

बऱ्याचदा जुनी फाइल पाहून साधन नाही म्हणतं. हे उगाच केलेलं नसतं. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातल्या मशीनचे बायोस पुसून टाकले होते. चिपपर्यंत कुणीही पोहोचू शकतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पुढे फाइलींवर सही आली आणि भोकं असलेल्या जुन्या आवृत्त्या परत टाकता येऊ नयेत म्हणून कुलपं आली. ब्रँडेड मशीनमध्ये काही वेळा हे कुलूप सेटिंगमधून उघडता येतं. डेलमध्ये "अलाउ बायोस डाउनग्रेड" असा पर्याय असतो. लेनोवोमध्ये "सिक्युअर रोलबॅक प्रिव्हेन्शन" बंद करावं लागतं. काम झाल्यावर दोन्ही पुन्हा पहिल्यासारखे करा. ताईंच्या मशीनमध्येही असाच एक पर्याय होता. तो चालू केल्यावर जुनी फाइल निमूट घेतली गेली.

डिस्प्ले येतच नसेल, किंवा आतलं साधन जुनी फाइल घेत नसेल, तर बोर्डाच्या मागच्या बाजूला यूएसबीजवळ छोटं बटण आहे का पाहा. असूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआय फ्लॅश बायोस बटण. सगळ्याच बोर्डांवर ते नसतं, स्वस्त बोर्डांवर बहुधा नसतंच. या बटणाचं वैशिष्ट्य असं की त्याला प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले काहीही लागत नाही. एसएमपीएस चालू असला की बोर्डावरची वेगळी चिप पेनड्राइव्ह वाचून बायोस लिहिते.

यात फाइलचं नाव बरोबर हवं. एमएसआयसाठी एमएसआय.रॉम, गिगाबाइटसाठी गिगाबाइट.बिन, अॅसरॉकसाठी क्रिएटिव्ह.रॉम. ही नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायची. असूसच्या झिपमध्ये बायोसरीनेमर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो चालवला की नाव आपोआप बदलतं. पेनड्राइव्ह बायोस किंवा फ्लॅश बायोस लिहिलेल्या पोर्टमध्येच लावा, शेजारच्यात नाही. मशीन बंद, एसएमपीएसचा स्विच चालू. असूसवर बटण तीन सेकंद दाबून ठेवा, दिवा तीनदा लुकलुकला की सोडा. दिवा लुकलुकत राहिला म्हणजे काम चालू आहे. पाच-आठ मिनिटांनी तो विझला की झालं. पाच सेकंद लुकलुकून दिवा तसाच पेटून राहिला, तर फाइल वाचता आली नाही असं समजा. नाव, पेनड्राइव्हचं फॉरमॅट आणि पोर्ट पुन्हा तपासा. बहुतेक वेळा पेनड्राइव्ह बदलला की प्रश्न सुटतो, जुना साधा २.० चा पेनड्राइव्ह या कामाला उत्तम.

बटण नसलेल्या ब्रँडेड मशीनमध्ये बचावाची वेगळी वाट असते. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून मशीन सुरू केलं की बायोस रिकव्हरीचा पडदा येतो. एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये विंडोजची की आणि बी दाबून धरतात. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर दोन चिप असतात, पहिली बिघडली तर दुसरी कारभार हाती घेते.

यातलं काहीच चाललं नाही तर चिप बाहेरून लिहावी लागते. सीएच३४१ए नावाचा छोटा प्रोग्रॅमर आणि चिपला चिमटा यांनी ते होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि बहुतेक जिल्ह्याच्या गावांत हे काम करणारे कारागीर आहेत. माझा सल्ला असा की ते त्यांनाच करू द्या, पण दोन गोष्टी सांगून करून घ्या. एक, लिहिण्याआधी चिपमध्ये आहे ते वाचून जपून ठेवायला सांगा, दोनदा वाचून दोन्ही फाइली सारख्या आहेत ना हे पाहायला सांगा. तुमच्या मशीनचा सीरियल नंबर, नेटवर्कचा मॅक पत्ता आणि ब्रँडेड मशीनमधली विंडोजची की याच चिपमध्ये असते. दुसऱ्या बोर्डाची फाइल सरसकट टाकली की हे सगळं जातं. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. काही चिप ३.३ व्होल्टच्या, काही १.८ च्या असतात. १.८ च्या चिपला अॅडॉप्टर न लावता प्रोग्रॅमर जोडला तर चिप जळते.

मागे गेल्यावर

बायोस मागे गेला की प्रथम आत जाऊन "लोड डिफॉल्ट्स" करा, सेव्ह करा, मशीन एकदा बंद करून सुरू करा. मग फोटो पाहून एकेक सेटिंग परत लावा. डिस्कची पद्धत आधी, बूटचा क्रम मग, आणि एक्सएमपी सगळ्यात शेवटी, मशीन दिवसभर नीट चालल्यावर. सस्पेंड केलेलं बिटलॉकर पुन्हा चालू करायला विसरू नका.

आणि तेच अपडेट पुन्हा येणार नाही याची सोय करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात रात्री तीच पट्टी परत सरकेल. ब्रँडेड मशीनच्या बायोसमध्ये विंडोजकडून येणारं फर्मवेअर थांबवण्याचा पर्याय असतो. डेलमध्ये त्याचं नाव "यूईएफआय कॅप्सूल फर्मवेअर अपडेट्स", लेनोवोमध्ये "विंडोज यूईएफआय फर्मवेअर अपडेट". कंपनीचा स्वतःचा अपडेट देणारा प्रोग्रॅम मशीनवर असेल तर त्यातूनही बायोस वगळा. हे कुलूप कायमचं मात्र ठेवू नका. महिन्यातून एकदा कंपनीच्या पानावर जाऊन नवी आवृत्ती आली का, तिच्याखाली काय लिहिलंय, हे पाहा.

ताईंच्या मशीनवर त्या संध्याकाळी ३२ जीबी परत दिसली. त्यांनी सर्वांत मोठी फाइल उघडली, कव्हरची, आणि ती उघडेपर्यंत दोघंही काही बोललो नाही. दिवाळीनंतर कंपनीने नवी आवृत्ती काढली. तिच्याखालच्या ओळींत रॅमबद्दलची दुरुस्ती लिहिलेली होती. या वेळी ताईंनी की आधीच समोर ठेवली होती आणि खातंही स्वतःच्या नावाचं केलं होतं. आम्ही पुढे गेलो आणि दोन्ही स्लॉट चालू राहिले.

त्यांच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. त्यावर बोर्डाचं पूर्ण नाव, चालू बायोसची आवृत्ती, ती टाकल्याची तारीख, डिस्कची पद्धत आणि खात्याचा ईमेल आहे. रिकव्हरी की त्यावर नाही, ती त्यांच्या कपाटात आहे.